बुटक्याचे डोळे

आमच्या कारखान्यात डोळे सगळ्यांत शेवटी व्हायचे. आधी साचा, मग सांधे, मग पॉलिश पेपरने घासणं, मग अंगाचा रंग, पीतांबर, मुकुट, दागिने. हे सगळं वाळून खडखडीत झालं की बाबा अंघोळ करून यायचे, स्टुलावर बसायचे आणि चार केसांच्या ब्रशने डोळे काढायला घ्यायचे. ह्याला आखणी म्हणतात. आखणी होईपर्यंत समोर असते ती माती. आखणी झाली की गणपती. मग त्याच्याकडे पाय करून बसायचं नाही, त्याच्यासमोर भांडायचं नाही आणि त्याला 'माल' तर मुळीच म्हणायचं नाही. आम्ही मूळचे पेणचे. तिथे घरटी एक कारखाना, म्हणून बाबांनी भाईंदरला येऊन खारी गावात एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली. समोर नव्या बिल्डिंगी उठत होत्या, मागे मिठागरं होती. राहायची खोली दोन गल्ल्या सोडून, पण तिथे आम्ही फक्त झोपायचो. आई पातेलीच्या पातेली शेडवर घेऊन यायची: वालाचं बिरडं, सुकट, तांदळाच्या भाकऱ्या. सगळ्यांवर पीओपीची पांढरी भुकटी बसलेली असायची. दादा म्हणायचा, "मने, आपल्या पोटात एव्हाना एक दीडफुटी गणपती तयार झाला असणार. आखणी तेवढी बाकी."

दादा म्हणजे प्रशांत, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. कॉलेजात सायन्सला होता आणि उरलेल्या वेळात बाबांचा उजवा हात. मी नववीत होते. मला मुकुट आणि दागिने रंगवायला द्यायचे, कारण सोनेरी रंग लावायला अक्कल लागत नाही असं बाबांचं मत. डोळ्यांना हात लावायची मला बंदी होती. दादालाही नव्हती परवानगी, पण त्याला 'अजून नाही' आणि मला 'तू कशाला' असं उत्तर मिळायचं. ह्या दोन उत्तरांतला फरक मला तेव्हाही कळायचा आणि माझ्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. दादाला सवय होती, मूर्तीच्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक करून कुठे पोकळ राहिलंय का ते ऐकायची. शेडमध्ये दिवसभर दोनच आवाज: घासणीची खसखस आणि दादाची टकटक. मधूनच हायवेच्या बाजूने एखादा ट्रक रिव्हर्स घेताना ओरडायचा, तेवढाच तिसरा.

त्या वर्षी उन्हाळ्यात जिग्नेशभाई आले. ते डेकोरेशनची, सेटची कामं घ्यायचे आणि अधूनमधून बाबांना काही करायला सांगायचे. कधी सिंह, कधी कारंज्याची परी. ह्या वेळी काशीमीऱ्याच्या एका मोठ्या गोदामात बर्फाचा हॉल होणार होता. बाहेर घामाच्या धारा आणि आत उणे तापमान, भाड्याची जाकिटं घालून पोरांनी बर्फात घसरायचं, असा सगळा मामला. त्यात चार डायनासोर उभे करायचे होते. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "डायनासोर? ते कशाला मरायला बर्फात जातील?" जिग्नेशभाई हसले, "भाभी, बच्चा लोग को क्या मालूम." पण दादाला ते लागलं. खोटं काम करायचं नाही हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलेलं, बापाचाच मुलगा. दुसऱ्या दिवशी तो मीरा रोडच्या सायबर कॅफेत जाऊन बसला आणि संध्याकाळी प्लास्टिकच्या फायलीत तीस-चाळीस प्रिंटआउट घेऊन आला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. "आई, राहायचे! खरंच राहायचे!"

त्याने जे सांगितलं ते मी इतक्या वेळा वाचलंय की आता ते माझंच झालंय. तेव्हा पृथ्वीच्या दोन्ही टोकांना आजच्यासारखे बर्फाचे डोंगर नव्हते, जंगलं होती. पण हिवाळा हिवाळाच होता. बर्फ पडायचा, आणि मुख्य म्हणजे सूर्य मावळला की कित्येक आठवडे उगवायचाच नाही. दिवसाढवळ्या रात्र. आणि त्या काळोखात हे प्राणी होते. काही जण म्हणत, ते कळप करून उबेकडे निघून जात असतील. पण छोटे कसे जातील एवढं अंतर? ते तिथेच राहत असावेत. काहींच्या अंगावर पिसांची लव असावी, काही बिळं करत असावेत, काहींचं रक्त आपल्यासारखं आतून गरम असावं. हाड आडवं कापलं तर झाडासारख्या रेषा दिसतात. वाईट दिवसांत वाढ थांबते, तिथे रेष उमटते. काहींच्या हाडांत मात्र रेषच नाही, म्हणजे काळोखातही ते जागे, हिंडते-फिरते होते. आणि त्यांतला एक, कुत्र्याएवढ्या उंचीचा, लांबच लांब शेपटीचा, ज्याचं नाव घेताना दादाची जीभ वळायची नाही, त्याची डोळ्यांची खोबण ही एवढी मोठी. मेंदूतला बघण्याचा भागही मोठा. अंधारात बघता यावं म्हणून. आईने त्याचं नाव ठेवलं बुटक्या.

बाकीचे तीन भलेथोरले होते, ते जिग्नेशभाईंच्या हौसेचे. बुटक्या दादाचा. त्याचं मातीकाम दादाने केलं, साचा दादाने काढला, फायबर दादाने भरलं. पिसं कशाची करायची ह्यावर आठ दिवस खल झाला आणि शेवटी काथ्या पिंजून, रंगवून, चिकटवायचं ठरलं. पीओपीत घालायला काथ्या आमच्याकडे पोत्याने असायचा. मी आणि दादा पाय पसरून बसायचो आणि काथ्या पिंजायचो. "दादा, महिनोन्महिने अंधार म्हणजे ते घाबरत नसतील?" मी विचारलं होतं. तो म्हणाला, "सगळेच अंधारात असले की कोण कोणाला घाबरणार, वेडे?" पाऊस लागायच्या आत चारही अंगं तयार झाली. डोळे राहिले. पण तोवर गणपतींचे दिवस आले. बाबा म्हणाले, आधी देवांचे, मग ह्यांचे. चौघांना मागच्या भिंतीला उभं केलं, डोळ्यांच्या जागी नुसते पांढरे गोळे.

मग ती दुपार. पावसाने आणि भरतीने मिळून शेडमध्ये पाणी घातलं. गुडघाभर काळं पाणी, त्यात गटारातलं काय काय आणि मेलेल्या घुशी. खालच्या फळीवरच्या मूर्ती वर चढवायला दादा तीन तास त्या पाण्यात उभा होता. त्याच्या पायाला पत्रा लागलेला, आणि पाण्यात उभं राहायचं म्हणून त्याने चप्पल काढून ठेवलेली. एकही मूर्ती भिजू दिली नाही त्याने. पाणी ओसरलं, आम्ही फिनाइल टाकून जमीन धुतली, आणि सगळं विसरलो. आठवड्याने आई पेणला गेली, मामीचं बाळंतपण होतं. जाताना मला म्हणाली, "दोघांच्या खाण्याकडे बघ." त्याच रात्रीपासून दादाला ताप भरला.

मोसमात तो शेडच्या माळ्यावरच झोपायचा. सकाळी मी डबा घेऊन वर गेले तर कुडकुडत होता. पोटऱ्या दुखतायत म्हणाला. डोळे लाल. मी म्हटलं, बाबांना सांगते. त्याने माझा हात धरला. "खबरदार. डोळ्यांच्या तीनशे जोड्या बाकी आहेत. ते आखणी सोडून मला घेऊन फिरत बसतील. साधा ताप आहे. मेडिकलमधून गोळी आण." मी आणली. बाबा खाली बसले होते, पण आखणीला बसले की बाजूला आकाश कोसळलं तरी त्यांना पत्ता लागत नसे. दादा कुठे विचारलं तर मी सांगायचे, वर साचे साफ करतोय. दोन दिवस मी हे सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी माळ्याच्या खिडकीतून उजेड त्याच्या तोंडावर पडला आणि मला दिसलं, त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झालाय. लिंबासारखा पिवळा. मी म्हटलं, "दादा, तुझे डोळे..." त्याने माझा छोटा आरसा घेऊन पाहिलं, आणि मेल्याला तेव्हाही गंमत सुचली. म्हणाला, "लग्नाआधीच हळद लागली बघ." मी हसले. मी खरंच हसले. शाळेत चाचणी होती. संध्याकाळी येऊन सांगू असं ठरवून मी शाळेत गेले.

दुपारी आई पेणहून आली, ती थेट शेडवर. तिने त्याला बघितलं आणि तशीच रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. मी संध्याकाळी आले तेव्हा शेडला कुलूप होतं. चार दिवस तो होता. त्यातल्या एका दिवशी डॉक्टर बाहेर येऊन बाबांना म्हणाले, "त्या पाण्यातूनच लागण झालीय. दोन दिवस आधी आणलं असतं तर..." मी आईच्या मागे उभी होते. बाबा म्हणाले, "आम्हाला माहीतच नव्हतं हो." कोणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. कोणी का बघावं? मला माहीत होतं हे कोणालाच माहीत नव्हतं.

भावकीत सगळ्यांना सुतक, म्हणून उरलेल्या आखणीसाठी बाबांचे पेणचे एक मित्र आले. तेरा दिवस बाबांनी ब्रशला हात लावला नाही. जिग्नेशभाई भेटायला आले होते, माणूस वाईट नव्हता. जाताना हळूच म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीत हॉल उघडायचाय, त्या चौघांचं तेवढं बघा. "सुतकात डोळे उघडायचे नाहीत," बाबा म्हणाले. "अरे मुकुंदभाई, जानवर है, भगवान थोडी है." बाबा म्हणाले, "डोळे डोळेच असतात." आमच्या घरी त्या वर्षी गणपती आला नाही. शेकडो घरांत आमच्या हातचे गणपती बसले आणि आमचा पाट भिंतीला उभा टेकवून ठेवलेला.

सुतक फिटलं, गणपतीही गेले, तेव्हा एका सकाळी बाबा अंघोळ करून शेडवर आले आणि भिंतीकडे जाऊन बसले. तीन मोठ्यांचे डोळे त्यांनी एका दिवसात उरकले. बुटक्याला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रश थिनरमध्ये ठेवून ते मागच्या दाराने मिठागरांच्या बांधावर जाऊन बसले, ते संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत. मी जवळ गेले. मोठमोठ्या त्या डोळ्यांतून दादा बघत होता. तपकिरी, डाव्या डोळ्याची पापणी थोडी खाली, काहीतरी आगाऊ बोलायच्या बेतात असलेला. बाबांची आखणी नावाजलेली होती ती एका गोष्टीसाठी. तुम्ही शेडमध्ये कुठेही उभे राहा, मूर्ती तुमच्याकडेच बघतेय असं वाटायचं. मी खांबामागे गेले. माळ्याच्या शिडीवर चढले. तो बघतच होता.

बाबांनी हे जाणूनबुजून केलं की हातून झालं, मी त्यांना कधी विचारलं नाही. आज मी स्वतः आखणी करते, पंचवीसेक वर्षं करतेय, आणि मला वाटतं हे ठरवून होत नाही. मनात जो चेहरा ठाण मांडून बसलेला असतो तो ब्रशातून उतरतोच. म्हणून तर मूर्तिकाराने सुतकात आखणीला बसू नये म्हणतात. तेरा दिवस त्याला पुरेसे आहेत असं मात्र कोणी कसं ठरवलं, कोण जाणे.

पहिल्यांदा बोलली ती हिराबाई मावशी. शेड तिची, खारीच्या जुन्या घरातली, तोंडाची फाटकी पण जीव लावणारी. बोंबलांचा वाटा द्यायला आली, बुटक्यासमोर थांबली आणि टोपली खाली ठेवली. "आगो बाय! ह्यो त परशांत हाय!" ती पदर तोंडाला लावून निघून गेली, टोपली तिथेच राहिली. त्या संध्याकाळी मी आईच्या जुन्या साडीचा तुकडा घेऊन बुटक्याचं तोंड झाकून टाकलं. धूळ बसेल, असं कारण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तुकडा नीट घडी करून स्टुलावर ठेवलेला आणि डोळे उघडे. बाबा कामासाठी बाहेर गेलेले. शेडमध्ये चिटपाखरू नाही. मी पुन्हा झाकलं. पुढच्या दुपारी पुन्हा घडी. असं चार-पाच दिवस चाललं. वेडाचार वाटेल, पण मला खात्री होती की तोच काढतोय. त्याला कळलंय, तो मला झाकू देणार नाही, तो एक दिवस बोलणार आणि पहिलं वाक्य असणार, मने, संध्याकाळी सांगते म्हणालीस ना? मी दिवसाउजेडी शेडमध्ये एकटी थांबेनाशी झाले. घरात ताट वाढलेलं समोर तसंच राहायचं. कुठे एखाद्या पत्र्यावर कावळ्याने चोच मारली तरी मला वाटायचं, टकटक.

शनिवारी शाळा लवकर सुटली. शेडचं दार लोटलेलं होतं. आतून आईचा आवाज. बाबांच्या स्टुलावर बसून ती बुटक्याशी बोलत होती. मांडीवर साडीच्या तुकड्याची घडी. "...मुलगी झाली मामीला. नाक तुझ्या मामासारखं, बिचारीचं कपाळ. तुला सांगणार होते आल्या आल्या, तर तू कुठे ऐकण्याच्या अवस्थेत होतास." असं सगळं, जे ती पेणहून येऊन त्याला सांगणार होती ते. माझी चाहूल लागली तशी ती वळली. मग म्हणाली, "ह्याला त्या बर्फात ठेवणार. दिवे मालवून लोक घरी जाणार. माझं पोर रात्रभर तिथे उभं."

"आई, तो पुतळा आहे."

"मला माहितीये पुतळा आहे. मी काय वेडी आहे?" ती केवढ्याने ओरडली. मग खाली बघत, "मने, त्याच्या कागदांत काय लिहिलंय गं? थंडीत कसे राहायचे ते?"

मी फाइल काढली. तेव्हापासून रोज दुपारी मी तिला ते कागद वाचून दाखवायचे, इंग्रजीचं मराठी करत, अडलं तिथे अंदाजाने. आईचे प्रश्न एकदम आईचे. काय खायचे? मी सांगायचे, वाळला पाला, साली, शेवाळ. पुरायचं का तेवढं? छोट्याला थोडं पुरतं आई. अंधारात ठेचकाळायचे नाहीत? नाही, डोळे मोठे असतात म्हणून तर. अंगावर पिसं असली तरी पाय तर उघडेच ना? ह्याचं उत्तर फायलीत नव्हतं, मी म्हटलं, पक्ष्यांचेही उघडेच असतात. आणि एकदा तिने विचारलं, "आयांना सोडून जात होती का पिल्लं, की त्या जवळच असायच्या?" मी कागद उलटेसुलटे करत राहिले. पुढे खूप वर्षांनी मी वाचलं, पार उत्तरेला अगदी इवल्या पिल्लांची हाडं आणि दात सापडले. म्हणजे ती तिथेच जन्मली आणि तिथेच राहिली, मोठेही तिथेच राहिले असणार. तेव्हा आई नव्हती. मी तो मजकूर तिच्या फोटोसमोर मोठ्याने वाचला. माझा नवरा स्वयंपाकघरातून बघत होता, बघू दे.

मी वाचत असताना आईचा चेहरा सैल व्हायचा. आणि मी मात्र पाठीवर ते डोळे घेऊन बसलेली. मी हाड असते आणि कोणी मला आडवं कापलं असतं, तर त्या वर्षाची रेष सुरीला लागली असती. माझी उंचीही त्या वर्षी वाढली नाही. युनिफॉर्म तोच चालला.

दिवाळीच्या थोडं आधी जिग्नेशभाई बघायला आले. तीन मोठ्यांवर खूश झाले. बुटक्यासमोर आले आणि दोन पावलं मागे गेले. "मुकुंदभाई, ये तो आदमी की आँख है. बच्चा लोग डर जायेगा. मैं डर गया ना." मग नेहमीच्या उत्साहाने, "इसको पीला कर दो. एकदम पीला. अंधेरे में मस्त चमकेगा."

हॉस्पिटलातले ते चार दिवस आमच्या तिघांच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी आले असणार. बाबा म्हणाले, "पिवळा लावणार नाही." "अरे लेकिन..." "बाकी काही सांगा." जिग्नेशभाईंना काय झालं कळेना, पण त्यांनी आमचे चेहरे पाहिले आणि आवाज उतरवला. "ठीक है. मग हा छोटा राहू द्या इकडेच. मैं तीन ले जाता हूँ. परसों टेम्पो भेजता हूँ." आणि ते फोन आला म्हणून बाहेर गेले.

"राहू दे," आई म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात जीव होता. "इथेच राहू दे. घरी नेऊ. खिडकीपाशी उभा करू." बाबांनी मान हलवली. त्यांचंही तेच मनात होतं हे दिसत होतं. आणि मला दिसलं ते घर: सकाळी उठलं की ते डोळे, जेवायला बसलं की ते डोळे, दहावीचा अभ्यास करताना, केस विंचरताना, जन्मभर. आणि तो काहीच बोलणार नाही.

"नको!" मी किंचाळलेच. "न्या त्याला. मी करते पिवळे."

"मने, गप्प बस. तुला काय माहीत पिवळे..." आई म्हणाली.

"मला माहितीये. मी बघितले होते. तुझ्या आधी."

एकदा फाटलं की शिवता येत नाही. मी सगळं सांगितलं. ताप, गोळी, साचे साफ करतोय ही थाप, लिंबासारखा पिवळा, हळद, आणि मी हसले तेही. चाचणीत मला वीसपैकी अठरा मिळाले होते, तेही सांगितलं, का ते देव जाणे. मी आईकडे बघत नव्हते, बुटक्याकडे बघत होते, कारण आता त्याच्याकडे बघणंच सोपं होतं. बोलणं संपलं तेव्हा बाहेर जिग्नेशभाईंचा फोनवरचा हसण्याचा आवाज ऐकू येत होता.

बाबा म्हणाले, "मी खालीच होतो." दहा फुटांवर, शिडीच्या पायथ्याशी, त्याच स्टुलावर. "मी खालीच होतो गं."

आई माझ्याकडे वळली. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग तिने विचारलं, "मी नव्हते त्या दोन दिवसांत त्याने काय खाल्लं?"

"पेज," मी म्हटलं. "भाकरी नको म्हणाला. मी पेज करून दिली."

"मीठ घातलं होतंस?"

"हो."

"किती खाल्ली?"

"पहिल्या दिवशी वाटीभर. दुसऱ्या दिवशी अर्धी. लोणच्याचा खार मागितला, तो दिला."

"बरं," आई म्हणाली. आणि मग ती रडली. हॉस्पिटलातसुद्धा रडली नव्हती तशी. तुझी चूक नाही, असं ती म्हणाली नाही. तेव्हाही नाही, पुढेही कधी नाही. पुष्कळ जण म्हणाले, लग्नानंतर नवराही म्हणाला, लहान होतीस, तुला काय कळणार. आईने ते खोटं मला कधी दिलं नाही. पण त्या संध्याकाळी तिने मला ताटात वाढलं आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला अंघोळ करून यायला सांगितलं. स्टूल माझ्यासाठी ओढलं. थिनरचा बोळा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "कोपऱ्यातून आत पूस. मधून पुसलंस तर रंग पसरतो." मी डावा डोळा पुसला. उजवा अर्धा पुसला आणि हात थांबला, तेव्हा आईने माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघींनी मिळून तो पुसला. मग मी पिवळा कालवला. तो नेमका कसा होता ते मला एकटीलाच त्या उजेडात दिसलेलं होतं. जे मी लपवलं होतं ते मी त्या दोघांसमोर रंगवलं, काठापासून बाहुलीपर्यंत. बाबा मध्ये एकदाच बोलले, "पापणीची रेघ एका दमात." मी श्वास धरला आणि ओढली. आयुष्यातली माझी पहिली आखणी ती. चांगली नव्हती. डोळे नुसते डोळे होते, कोणाकडेच बघत नव्हते.

बाबांनी जिग्नेशभाईंना चौघेही न्या असं कळवलं, आणि टेम्पो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आला. ड्रायव्हर भय्या होता, हसतमुख. तीन मोठे गोणपाटात बांधून चढवले. बुटक्याला बांधायला काही उरलं नाही, तशी आई घरी गेली आणि दादाची सोलापुरी चादर घेऊन आली. बाकी त्याचे सगळे कपडे देऊन झाले होते. ही तिने कोणाला दिली नव्हती हे मला तेव्हाच कळलं. तिने स्वतः ती बुटक्याला गुंडाळली, मानेपाशी जरा घट्ट, पाय झाकले जातील अशी, आणि सुतळीने बांधली. ड्रायव्हरने फळी लावली आणि खिडकीतून डोकं काढून विचारलं, "भाभी, उधर खाली करके चद्दर वापस ले आऊँ?"

"नको," आई म्हणाली. तिला हिंदी धड येत नसे. "रहने दो. उधर थंडी है."